बाबांचा लाकडी हात

वखारीत करवतीखाली बाबांचा उजवा हात गेला, तेव्हा गावातल्या फ्रीमेसन लॉजने, म्हणजे गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुसंघाच्या शाखेने, धर्मादायातून त्यांना लाकडी हात करून दिला. बाबा इतके भारावले की सभासदच व्हायला निघाले. लॉजचे प्रमुख, मास्टर, ओशाळून म्हणाले, "आमच्या दीक्षेच्या पायऱ्या मूळच्या दगड घडवणाऱ्या गवंड्यांच्या. हातीपायी धड असलेल्यालाच आत घेतात, जुना नियम आहे."

"हात तुम्हीच दिलात आणि तोच तुम्हाला चालत नाही होय!" बाबा हसले खरे, पण त्या दारावरून पुन्हा कधी गेले नाहीत. दर रविवारी मी त्या हाताला जवसाचं तेल चोळायचो. शेवटी तोही त्यांच्यासोबतच चितेवर जळला.

त्यांचं राहिलं म्हणून मी सभासद झालो. काल माझी तिसरी पायरी होती. त्यात माणसाला मेल्यासारखं आडवं करतात, दिवे मालवतात आणि मग मास्टर हाताला धरून त्याला उठवतात. अंधारात माझा हात गच्च धरला गेला, मी उठून उभा राहिलो आणि दिवे लागले.



"अहो, मी यायच्या आधीच उठलात?" मास्टर खुर्चीतूनच म्हणाले, आणि माझ्या तळव्यावर जवसाचं तेल चकाकत होतं.