उसनी पहार

"भावजी, पहार देता का घटकाभर?"

ओसमोननं दार अर्धंच उघडलं. शेजारची बुरुल गुडघाभर बर्फात उभी होती, डोक्यावर नवा रुमाल, डावा हात प्लास्टरमध्ये.

"पहार? या बर्फात बटाटे काढताय की काय, वहिनी?"

बुरुल हसली नाही. तिनं नुसतं अंगणाच्या टोकाच्या लाकडी संडासाकडे पाहिलं. ओसमोनच्या लक्षात आलं. नारिनच्या डोंगरातल्या थंडीत संडासात पडेल ते पडल्या जागी गोठतं आणि रोज थोडं थोडं खांबासारखं वर येतं. दर हिवाळ्यात तो खांब बुरुलचा मुलगा फोडायचा. यंदा तो मॉस्कोत, दुसऱ्यांच्या रस्त्यावरचा बर्फ लोटत होता. आणि आज विहीणबाई येणार होत्या, बुरुलच्या मुलीच्या, नाझिकच्या कानात कुड्या घालून लग्न पक्कं करायला. एवढ्या लांबून आलेलं माणूस गाडीतून उतरून आधी कुठे जातं, हे काय सांगायला हवं?

"कुठवर आलंय?"

"फळीला टेकलंय."

"शी! आणि हे मला आत्ता सांगताय?"

"लाज वाटते हो. म्हणून तर मीच फोडीन म्हटलं."

"एका हातानं? व्हा बाजूला."

तो तणतणत गेला. फळ्या उचलल्या, आत डोकावला आणि त्याला शिसारी आली. दोन बायकांचं घर, आणि ढीग गावजेवणाचा! पहिल्याच घावाला एक कपची उडाली ती थेट त्याच्या मिशीत. श्वासाच्या उबेनं ती विरघळू लागली. ओसमोननं कोपऱ्यात तोंड घालून ओकारी काढली, मग बुरुलच्या मुलाला, थंडीला आणि विहीणबाईंना एकेक शिवी हासडली. पण हात थांबवला नाही. या खांबावरून नाझिकला सासरी जन्मभर टोमणे ऐकावे लागले असते.

शेवटचा तुकडा खाली गेला तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. त्यानं घाईघाईनं फळ्या बसवल्या, दार उघडलं, तर समोर विहीणबाई. जाडजूड, साठीच्या, चेहरा आवळलेला. त्यांनी पहारीकडे पाहिलं, त्याच्या मिशीकडे पाहिलं. मागे बुरुलचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"कोण हा?"

"शेजारी आमचे," बुरुल कशीबशी म्हणाली.

विहीणबाई त्याला बाजूला सारून संडासात शिरल्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा नाझिक उंबऱ्यावर नान घेऊन उभी होती. दारातली नान तोंडात घातल्याशिवाय कुणी जात नाही, शत्रूसुद्धा. ओसमोन कुंपणाच्या कडेनं सटकत होता.

"ए बाबा, थांब!" विहीणबाईंनी नानचा तुकडा तोडला आणि बर्फ तुडवत त्याच्यापाशी आल्या.

"नका, नका! हात घाण आहेत माझे. मिशीत तर... जवळ येऊ नका!"

"हात ठेव खिशात. तोंड उघड."

त्यानं डोळे मिटून तोंड उघडलं. त्यांनी स्वतःच्या हातानं घास भरवला आणि त्याचं चावून होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

"आमच्याकडचा खांब काल मीच फोडला," त्या हळूच म्हणाल्या. "मला कुणी नान विचारली नाही."