डॉक्टर निवडण्याचा अर्ज

दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाईने स्लावेंकापुढे अर्ज सरकवला. बायकांच्या दुखण्यांसाठी आपला डॉक्टर कोण, ते लिहून खाली सही करायची. मग वर्षभर बदल नाही. नावं दोनच होती, म्हातारे डॉक्टर ग्रुईच आणि हिवाळ्याच्या तोंडावर आलेल्या डॉक्टर इलिचबाई.

थोरली जाऊ दोब्रिला ग्रुईचांना भेट म्हणून कॉफीचं पाकीट घेऊन सोबत आली होती. दोन्ही जावांची पाचही मुलं त्यांच्याच हातून जन्मली होती. दुसरं नाव लिहिणं म्हणजे त्यांचा अपमान, असं तिने बसमध्येच बजावलं होतं.

स्लावेंकाने पेन उचललं आणि तशीच थांबली. झोप नाही, उगाच रडू येतं, असं तिने गेल्या वर्षी ग्रुईचांना सांगितलं होतं. पाळी जायची वेळ आली की असं व्हायचंच, कॅमोमाइलचा चहा पी, वयाचं आहे, जाईल, असं ते हसत म्हणाले होते. वय काही गेलं नाही, झोप मात्र गेली.

तेवढ्यात छातीतून वाफ उसळली. मान, कान, कपाळ पेटलं. बाहेर बर्फ पडत होतं. स्लावेंकाने अर्ज हातात घेऊन सरळ जाऊन खिडकी उघडली.

बाकांवरच्या बायका एकदम करवादल्या. मान धरेल, कंबर धरेल. एकीच्या आतेबहिणीचं तर वाऱ्याने तोंड वाकडं झालं होतं. आमच्याकडची माणसं लांडग्याला भिणार नाहीत, पण खिडकीतून येणाऱ्या झोताला भितात.

दोब्रिलाने खिडकी लावून घेतली आणि वर आपली शाल जावेच्या खांद्यांवर टाकली.

"लोक बघतायत. जरा सोस की, सगळ्याच सोसतात."

स्लावेंकाचे डोळे भरून आले. त्या शालीत तिला कोंडल्यासारखं झालं.

पुढच्या बाईला बोलवायला इलिचबाई दाराशी आल्या होत्या. त्यांनी स्लावेंकाचा चेहरा पाहिला, खोली ओलांडून आल्या आणि खिडकीची दोन्ही दारं उघडली.

"तुम्हाला थंडी वाजली तर कोट चढवता येईल," त्या बाकांकडे बघून म्हणाल्या. "यांना कातडी काढून ठेवता येत नाही." मग हळूच स्लावेंकाला विचारलं, "नीट झोपून किती दिवस झाले?"

"दीड वर्ष."

आजवर हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती काउंटरवर गेली, इलिचबाईंचं नाव लिहिलं आणि ठसठशीत सही केली. आता जावेची बोलणी खायची तयारी ठेवून ती मागे वळली.

दोब्रिला खिडकीत उभी होती. डोक्याचा रुमाल सोडलेला, गळ्याशी दोन बटणं उघडी, डोळे मिटलेले. कॉफीचं पाकीट खिडकीच्या कट्ट्यावर भुरभुरत्या बर्फात भिजत होतं. स्लावेंकाने जवळ जाऊन खिडकीच्या दाराला हात लावला.

"मला आठ वर्षं झाली," डोळे न उघडता दोब्रिला म्हणाली. "एवढ्यात लावू नकोस गं."