पाण्याची यादी

चंद्रभान मास्तर सकाळपासून तिसऱ्यांदा सायकलवर सामान बांधत होता. दोनदा बांधलं, दोनदा अंगणात ढकलून पाहिलं, दोन्ही वेळा कॅरिअरवरची वळकटी उजवीकडं कलली. पेडगावहून अजिंठा, तीन दिवस जायचं आणि तीन दिवस यायचं. सायकलवर त्याची आजवरची सगळ्यात लांबची मजल म्हणजे परभणी, आणि तीही संध्याकाळी घरी परत.

बायनाबाई उंबऱ्यात बसून दशम्या फडक्यात बांधत होती.

"लेणी बघायला चाल्लाव का तिथंच ऱ्हायला?" ती म्हणाली. "सायकलीचा पार बैलगाडा केलाव."

"कंदील ठेवतो घरी."

"ठेवाच. अन् ह्या दोन बाटल्या?"

"त्या न्हाई ठेवत."

बाटल्या मिलिटरीतल्या, खाकी कापडात शिवलेल्या. पूर्ण्याच्या बाजारात जुन्या मिळाल्या होत्या. त्यानं त्या हँडलच्या दोन्ही बाजूंना अडकवल्या आणि पुन्हा चौकटीची वही काढून यादी वाचली. सेलूला स्टेशनातला नळ. मंठ्याला एस्टी स्टँड. जालन्यात बायनाबाईचा मामा. भोकरदनला शाळेतला हापसा. लोक गावागावानं रस्ता धरतात, यानं पाण्यापाण्यानं धरला होता. कारण साधं होतं. लहानपणी परक्यांच्या दारात ओणवा होऊन, वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं तो पुष्कळ प्यायला होता. आता शाळा तपासायला येणारे साहेबही त्याला मास्तर म्हणत. या सहा दिवसांत एकाही दारात तसं वाकायचं नाही, असं त्यानं बायकोला सांगितलं होतं. एरवी ती त्याच्या कोणत्याही बेताला हसायची. याला हसली नव्हती.

उन्हं कलायला लागली तेव्हा सगुणाबाई आली. व्यंकटराव पाटलांची बायको बौद्धवाड्यात यायचं काही कारण नव्हतं. दिवाळी चार दिवसांवर आलेली, आणि ही बाई एकटी, डोक्यावरून पदर घट्ट ओढून अंगणाच्या कडेला उभी. बायनाबाईनं चवाळं अंथरलं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. सगुणाबाई चवाळ्याच्या टोकाला टेकली.

"मास्तर, मंठ्यावरनं जाताव म्हनं तुमी."

"जातो की, काकू."

"आमची रुख्मिनी हिवरवाडीला दिलीय. तिथनं जवळ हाय."

रुख्मिणी चौथीपर्यंत त्याच्याच वर्गात होती. पाढे चुकायची, पण अक्षर मोत्यासारखं. तीन वर्षांमागं तिचं लग्न झालं, हे त्याला माहीत होतं.

"तीन दिवाळ्या झाल्या, धाडली न्हाई तिला," सगुणाबाई म्हणाली. "पोळ्याला तिचा भाऊ गेला होता. त्यो माघारी फिरला अन् तिला मारलं म्हनत्यात. आता आमच्यातला कुनी दिसला की तिला आतल्या घरात कोंडत्यात. हाय का न्हाई, तेबी कळंना."

"मग मी जाऊन काय करू, काकू? मला तरी दाखवतील का?"

"तुमी पानी मागा."

चंद्रभानचा दोरीवरचा हात थांबला.

"दुसरा कुनी गेला तर वसरीवर बसवत्यात, सासरा सोता तांब्या देतो," ती खाली बघत म्हणाली. "गाव सांगू नका, जात तेवढी सांगा. तुमाला वसरीवर घ्यायचे न्हाईत. मंग भाईर पानी घालायला तिलाच धाडतील. धाकल्या सुनंचंच काम हाय ते. म्हनून तर तुमच्याकडं आले."

हे बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं. तिनं पदर तोंडाला लावला.

"म्या शिकवलंय तिला," चंद्रभान म्हणाला. "तिच्यापुढं ओंजळ धरू?"

उत्तर दिलं ते बायनाबाईनं. तिचा आवाज चढला नव्हता.

"काकू, आदी आमचं हे पानी घ्या. मंग आमच्या मानसाला दुसऱ्याच्या दारात वाकायला सांगा."

सगुणाबाईनं तांब्या उचलला. जरा वेळ हातात धरला आणि तसाच खाली ठेवला.

चंद्रभान पुन्हा वळकटीकडं वळला. आवळलेलीच गाठ त्यानं सोडली, परत आवळली. त्याला राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे समजत नव्हतं. समोरची बाई रडत नव्हती. रडली असती तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

"हिवरवाडी सडकेपासून किती आत हाय?" त्यानं विचारलं.

"दोन कोस."

दोन कोस जायचं, दोन कोस यायचं. म्हणजे जालन्याला पोचायला अंधार पडणार. त्यानं वही काढली आणि मंठा आणि जालना यांच्या मधल्या कोऱ्या ओळीत पेन्सिलीनं हिवरवाडी लिहिलं. बायनाबाईनं ते पाहिलं. दशम्यांचं गाठोडं तिथंच ठेवून ती आत निघून गेली.

"तिला काय सांगू?"

"काय बी सांगू नका. वळखील ती तुमाला, पर बोलायची न्हाई. हातपाय धड हायत का, यवढं बघा."

सगुणाबाई उठली, पदर सारखा करून चालू लागली. चार पावलं गेली आणि माघारी आली.

"मास्तर," ती म्हणाली, "सावकास प्या. तुमी पीत असताल तवर ती भाईर ऱ्हाईल."