दुपारचं ताट

सुनेचा सासरी पहिलाच रमजान, त्यात सहावा महिना, म्हणून डॉक्टरांनी रोजे मना केलेले. पहाटेही तिला कुणी उठवत नसे. सगळं घर उपाशी असताना आपल्यापुरतं शिजवायची लाज वाटून पहिल्या दुपारी तिने दाराआड दोन बिस्किटं खाल्ली. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी, म्हणजे निवृत्त हेडमास्तरांनी, फर्मान सोडलं, "सूनबाई, दुपारी माझं ताट वाढत जा." वय झालं, रोजे झेपत नसतील, असं तिने धरलं.

पण ताट समोर आलं की मास्तर चष्मा वर करून ते नुसतं न्याहाळत. कधी भाजीचा रंग पटायचा नाही, कधी भात मोकळा दिसायचा नाही. "ने परत. आणि टाकू नकोस, तूच संपव." रोज एक ताट, रोज एक शेरा. ईदला वीस पाहुणे येणार आणि त्यांच्यादेखत आपण नापास होणार, या धास्तीने तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

ईदच्या दुपारी मास्तरांनी तीच भाजी तीनदा वाढून घेतली. ती सासूच्या कानाशी पुटपुटली, "अम्मी, आज बरा पटला रंग?"



"अगं, महिनाभरात आजच तर ते दुपारचे जेवताहेत. काल त्यांचा तिसावा रोजा सुटला."