चार्जिंग थांबतंय

तिसऱ्यांदाही तेच झालं. चार्जरचा प्लग गाडीला लावला, दिवा हिरवा झाला, पडद्यावर ‘चार्जिंग सुरू’ अशी अक्षरं आली आणि दोन मिनिटांत सगळं थंड.

नवऱ्याने प्लग उपटून काढला. आतल्या पिना फुंकल्या, रुमालाने पुसल्या. शर्ट पाठीला चिकटला होता. काल संध्याकाळी ही इलेक्ट्रिक गाडी भाड्याने घेतली, तेव्हा एजन्सीच्या माणसाने दोघांच्याही फोनमध्ये गाडीचं ॲप टाकून दिलं होतं, तासभर समजावलं होतं. असं काही झालं तर काय करायचं, ते मात्र त्यात नव्हतं.

सव्वा वाजला होता. बॅटरी आठ टक्के. हॉस्पिटल अजून सत्तर किलोमीटर आणि चारच्या आत तिथे दाखल व्हायचं होतं. उद्या सकाळी ऑपरेशन होतं. नवऱ्याची एक किडनी त्याच्या थोरल्या भावाला बसवायची होती. आजची शेवटची तपासणी हुकली तर तारीख पुढे जाणार होती, आणि थोरल्याकडे पुढे ढकलण्याइतके दिवस उरलेले नव्हते.

“टॅक्सी बघू का?” बायको म्हणाली. “गाडी राहू दे इथेच.”

“दुसऱ्याची गाडी रस्त्यात टाकून कसं जायचं? दहा मिनिटं थांब. होईल.”

हेल्पलाइनवाल्याने सांगितलं, गाडी पूर्ण बंद करून लॉक करा, मग पुन्हा उघडा. केलं. तो म्हणाला, शेजारच्या चार्जरला लावून बघा. तेही केलं. नवरा फोन घेऊन इकडून तिकडे येरझारा घालत होता. ती दिव्याकडे बघत उभी होती. हिरवा झाला. दोन मिनिटं गेली. विझला.

“आता मात्र हद्द झाली,” तो म्हणाला आणि चार्जिंग स्टेशनच्या पायरीवर बसला.

सहा महिन्यांपूर्वी, डॉक्टरांनी त्याचं नाव पक्कं केलं त्या दिवशी, ती जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हणाली होती, “आपली मुलगी अजून चौथीत आहे. तुला काही झालं तर आम्ही कोणाकडे बघायचं?” सगळ्यांचे घास हातातच राहिले होते. तो मात्र ताडकन म्हणाला होता, “माझा भाऊ आहे तो. पुन्हा हा विषय नको.” तिनेही पुन्हा काढला नाही. पण मोठ्या जाऊबाई त्यानंतर तिच्याशी कामापुरतंच बोलत. थोरल्याला भेटायला गेली, की त्या खोलीतून उठून जात.

दोन वाजता हेल्पलाइनने पाठवलेला टेक्निशियन आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने आधी आपली व्हॅन त्याच चार्जरला लावली. पाच मिनिटं व्यवस्थित चार्ज झाली.

“चार्जर ठणठणीत आहे,” तो म्हणाला. मग केबलवरून हात फिरवला, सॉकेटमध्ये टॉर्च मारून पाहिलं आणि भाड्याच्या गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसून पडदा चाळायला लागला.

तेवढ्यात जाऊबाईंचा फोन आला. नवऱ्याच्या हातात प्लग होता. त्याने फोन बॉनेटवर ठेवून स्पीकर लावला.

“निघालात की नाही अजून? डॉक्टर दोनदा विचारून गेले. ह्यांनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही.”

“वहिनी, काळजी करू नका. दादाला सांगा, मी येतोय. गाडीत काहीतरी बिघाड—”

“बिघाड नाहीये,” टेक्निशियन आतूनच म्हणाला. “गाडी आपणहून थांबत नाही. तिला दर वेळी थांबायला सांगितलं जातंय. फोनवरून.”

रस्त्यावरून एक ट्रक धडधडत गेला.

“म्हणजे?” स्पीकरमधून जाऊबाईंचा आवाज आला. “कोण सांगतंय?”

नवऱ्याने मान वर केली नाही. प्लग हातात घट्ट धरून तो उभा होता.

“मी,” बायको म्हणाली. “मी थांबवत होते.”

जाऊबाई म्हणाल्या, “वाटलंच होतं मला. सहा महिने हेच वाटत होतं.” त्यांचा आवाज फुटला. “माणूस मरायला टेकलाय गं इथे.”

फोन कट झाला.

नवरा तिच्याकडे बघत राहिला. तिने त्याच्या हातातून प्लग घेतला आणि गाडीला लावला.

“जा, तोंड धुऊन ये,” ती म्हणाली. “अर्ध्या तासात निघू.”

तो फोन बॉनेटवरच ठेवून नळाकडे गेला. जाताना त्याचे खांदे इतके पडले होते, की पाठमोरा तो थोरल्यासारखाच दिसला.

दिवा हिरवा झाला. दोन मिनिटं गेली, पाच गेली. आकडा नऊवर आला, दहावर आला. ती सीटला डोकं टेकून बसली. उद्यापासून सासरच्या घरात कोणत्या तोंडाने वावरायचं, ते तिला कळत नव्हतं. मुलीच्या कानावर हे कधी ना कधी जाणारच होतं. काकांना वाचवायला निघालेल्या बाबांना आईने वाटेत अडवलं, असं.

टेक्निशियनने अवजारं पेटीत भरली. झाकण लावलं. तरी तो जाईना. नळाकडे एकदा बघून घेऊन तो खिडकीपाशी वाकला.

“ताई, गाडीत नोंद राहते. पाचही वेळा साहेबांच्या फोनवरून थांबवलंय. तुमच्या फोनवरून एकदाही नाही.”

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “पण उद्या त्या टेबलावर त्यांना झोपायचंय, मला नाही.”