घरचे लेखक

"या, या. हे आमचे घरचे लेखक," प्रकाशक खुर्चीतून उठत म्हणाले. रॉयल्टीसाठी वर्षानुवर्षं खेटे घालणाऱ्या देशिंगकरांना आज पहिल्यांदाच बसायला खुर्ची मिळाली. पैसे घेतल्याशिवाय उठणार नाही, असं ते घरी बजावून आले होते.

समोर एक तरुण लेखिका करारावर सही करता करता थांबली होती. तिने अडखळत विचारलं, "सर, तुम्हाला इथे रॉयल्टी वेळेवर मिळते ना?"

देशिंगकरांच्या नव्या कादंबरीचं कधीचं पडून असलेलं हस्तलिखित प्रकाशकांनी कपाटातून काढून टेबलावर ठेवलं.

"मिळते की," देशिंगकर म्हणाले.

तिने निर्धास्तपणे सही केली आणि त्यांच्या पाया पडायला वाकली. देशिंगकरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.