दसऱ्याला थांबलेली गाडी

गाडी धोंडूबाईंच्या अंगणासमोर दोनदा खोकली आणि थांबली. भिवंडीहून ठाण्याकडे जाणाऱ्या आग्रा रोडवर राहनाळ गावच्या लोकांनी ट्रक पुष्कळ पाहिले होते. ही गाडी म्हणजे मात्र चाकांवरचं घरच होतं. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, आत शेगडी, इवलीशी मोरी, अंथरलेली गादी. चौऱ्याहत्तर सालचा दसरा. कापडाचे लूम बंद, माणसं घरी. पाच मिनिटांत सगळा गाव गाडीभोवती गोळा झाला.

"नवरा रुसून घर सोडून निघाला," शेजारची ठकुबाई खिडकीतून आत डोकावत म्हणाली, "तर घरपण त्याच्या पाठी जाईल गं."

दाढीवाला गोरा उतरला. जर्मनीहून निघून त्याला चार महिने झाले होते. हिंदीतला एकच शब्द त्याला पक्का येत होता, "चलो". नकाशावर तो रोज एक ठिपका देई. आजचा मुंबईला द्यायचा होता. त्याची बायको हेल्गा गाडीच्या पायरीवरच बसून राहिली. सातवा महिना असावा. पाय सुजून चपलेत मावत नव्हते.

धोंडूबाईंची नजर त्या पायांवर गेली आणि तिथेच राहिली.

त्यांचा मुलगा केसरीनाथ लूमवर फिटर. त्याने पुढे इंजिन शोधलं, ते सापडलं पाठीमागे. गर्दीत हशा पिकला. अॅक्सिलरेटरची तार तुटली होती.

"धा मिनटांचं काम," तो म्हणाला आणि थबकला. त्याचे पाने, पक्कड सगळं सकाळीच देव्हाऱ्यापुढे पाटावर मांडलं होतं, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून. घरचा नेम होता, दसऱ्याला पूजा झालेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही. त्याने गोऱ्याला आत नेऊन पाट दाखवला. "पूजा हो गया. कल तक हिलाने का नहीं."

गोऱ्याला हातवाऱ्यांवरून कळलं. त्याने घड्याळ पाहिलं आणि काकुळतीने म्हणाला, "चलो?"

केसरीनाथने आईकडे पाहिलं. नऊ दिवसांचा उपास तिने आजच सोडला होता. ती काही नेम मोडायला सांगणार नव्हती.

धोंडूबाई हळूच म्हणाल्या, "त्याच्या गाडीत त्याची हत्यारं असतील ना? त्यांना कुठं कुंकू लागलंय?"

गर्दीने टाळ्याच पिटल्या. गादीखालून लोखंडी पेटी निघाली. तार जोडली गेली. गाडी गुरगुरली, तशी बाळारामने ढोलावर थाप मारली. पोरींनी आरशाला झेंडूची माळ बांधली. गोऱ्याने खुशीत कॅमेरा काढला आणि बोटाने खूण केली, गाडीच्या कपाळावरही तो लाल टिळा हवा.

धोंडूबाईंनी पूजेचं ताट पदराआड घेतलं.

"आये, जात्याला लावलंस, कोयत्याला लावलंस, माझ्या मोडक्या सायकलीलापण लावलंस," केसरीनाथ म्हणाला. "ह्या गाडीनंच काय घोडं मारलंय?"

"लावलं तर थांबावं लागंल. त्याला जायची घाई हाय."

केसरीनाथने तेही हिंदीत, हाताने समजावलं. गोरा मोकळेपणी हसला, सगळ्यांना हात जोडले आणि दार उघडून धरत बायकोला म्हणाला, "चलो!"

हेल्गा उठली. एक पाय पायरीवर टेकवला, दुसरा काही उचलेना. दाराला धरून तिने क्षणभर डोळे मिटले.

धोंडूबाई ताट घेऊन पुढे झाल्या. ताटातल्या तांब्यातलं पाणी त्यांनी त्या सुजल्या पायांवर घातलं. हेल्गाच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. ओटीत तांदूळ आणि नारळ घातला, वर झेंडूचं फूल ठेवलं. ढोल आपोआप थांबला. मग त्या मुलाकडे वळल्या.

"त्याला सांग, गाडी मोकळी हाय, न्यायची तर ने म्हणावं. पण हिची पूजा झाली. उद्यापर्यंत हिला हलवायचं न्हाय."